शेतमजुरांचे त्वचारोग : वऱ्हाडांतील कारणें व उपाय

पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलांचे खांदे हळद-तुपानें शेकण्याची चाल आपल्या वऱ्हाडांत अजून पाळली जाते. ज्या खांद्यावर वर्षभर जूं राहिलें, त्या खांद्याची कातडी एक दिवस तरी धन्यानें स्वतःच्या हातानें चोळावी, हा त्या चालींतील भाव आहे. आणि त्यांत भावाइतकेंच शहाणपणही आहे. खांदा सुजलेला बैल औतास उपयोगी पडत नाहीं, हें शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु त्याच औतामागें चालणाऱ्या, त्याच शेतांत निंदणाऱ्या, वेंचणाऱ्या व फवारणाऱ्या माणसाच्या कातडीकडे आपण तितक्या काळजीनें पाहतों काय, असा प्रश्न केल्यास आपणांपैकीं बहुतेकांस मान खालीं घालावी लागेल. प्रस्तुत लेखकही त्यांतलाच एक आहे, हें पुढें सांगितलेल्या हकीकतीवरून दिसून येईल.

खाज ही कांहीं जीवघेणी व्याधि नव्हे, असें म्हणून आपण ती हंसण्यावारी नेतों. परंतु मजुराचें सारें भांडवल म्हणजे त्याचे दोन हात. ते हात चिरले, फुटले, सुजले कीं रोजी बुडते. रोजी बुडाली कीं उधारी वाढते. आणि रात्रभर खाजविणाऱ्या माणसास दुसऱ्या दिवशीं निंदणीस बसविलें तर त्याच्या हातून काम तें किती होणार? म्हणजे या रोगानें मजुराचें नुकसान होतें तितकेंच, थोड्या वेगळ्या वाटेनें, शेताच्या मालकाचेंही होतें. इटलींतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्यानें इ. स. १७०० मध्यें निरनिराळ्या धंद्यांतील लोकांस होणाऱ्या रोगांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि रोग्यास विचारावयाच्या नेहमींच्या प्रश्नांत ‘तुझा धंदा कोणता?’ हा एक प्रश्न घालावा, अशी सर्व वैद्यांस विनंति केली. त्यास आतां तीनशें वर्षांहून अधिक काळ लोटला. तरी आपल्या खेड्यांत तो प्रश्न अजून क्वचितच विचारला जातो.

एक हकीकत

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या घरच्या सालदाराच्या मानेवर व कोपरांच्या खोबणींत खाज सुटूं लागली. पावसाळा सुरू झाला कीं ती वाढे, हिवाळ्यांत थोडी कमी होई. दुसऱ्या वर्षीं त्याच्या पापण्या सुजल्या व मानेची कातडी बैलाच्या वशिंडाप्रमाणें जाड आणि काळी पडली. ‘‘मालक, रातभर आंग खाजते जी, डोळ्याला डोळा लागत नाहीं,’’ असें तो एक-दोन वेळां म्हणाला. मीं त्यास उष्णता झाली असेल, ताक पीत जा, असें सांगून वाटेस लावलें. गांवांत कोणी रक्तदोष म्हणालें. कोणी हळूच महारोगाचें नांव घेतलें. तें नांव निघाल्यावर जेवणाच्या वेळीं त्याच्या शेजारीं बसावयास दुसरे मजूर तयार होईनात, आणि पाणी त्यास वरून ओतून मिळूं लागलें. त्यानें दुकानांतून एक मलम आणून लावलें. आठ दिवस आराम पडला, नंतर पहिल्याहून अधिक उसळलें. अखेरीस दोन हंगाम पुरे झाल्यावर तो काम सोडून गेला.

पुढें जिल्ह्याच्या गांवीं एका त्वचारोगतज्ज्ञानें त्यास पाहिलें. त्यानें पहिला प्रश्न केला तो कामाचा. नंतर पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या बारीक चकत्या चिकटवून दोन दिवसांनीं त्या काढल्या. जी चकती गाजरगवताची होती तिच्याखालची जागा तेवढी लाल होऊन फुगली होती. दर श्रावणांत आमच्या शेताचे धुरे साफ करण्याचें काम त्याच्याकडे असे. तें काम त्यास सांगणारा मीच, आणि खाजेवर ताक सांगणाराही मीच. रोग त्याच्या रक्तांत नव्हता. तो माझ्या धुऱ्यावर वाढत होता. या लेखाचें निमित्त हेंच आहे.

दोन प्रकारची इजा

कामामुळें कातडीस होणारी इजा मुख्यत्वें दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारांत पदार्थच असा दाहक असतो, कीं जो कोणी त्यांत पुरेसा वेळ हात घालील त्याची कातडी भाजावी किंवा फुटावी. कळीचा चुना, कित्येक तणनाशकें, तीव्र साबण हे पदार्थ या वर्गांतले. दुसऱ्या प्रकारास ॲलर्जी म्हणतात. यांत शरीर एखाद्या विशिष्ट पदार्थाशीं वैर धरतें. शंभर माणसें तें काम करीत असतां पांच-सहांसच त्रास होईल. आणि ज्यांस होईल त्यांसही पहिले कांहीं महिने, कधीं कधीं वर्षेंही, कांहींच होणार नाहीं. पण एकदां वैर जडलें कीं पुढें लवमात्र स्पर्शही पुरतो. म्हणून ‘इतकीं वर्षें हेंच काम करीत आलों, तेव्हां कांहीं झालें नाहीं’ किंवा ‘बाकीच्यांस होत नाहीं, यालाच कसें होतें’ हे दोन्ही युक्तिवाद फसवे आहेत. असें बोलून आपण मजुराच्या आळसाचा संशय घेतों, आणि खरें कारण मात्र जागच्या जागीं राहतें.

गाजरगवत

गाजरगवत हें वस्तुतः गवत नव्हे. सूर्यफूल व शेवंती यांच्या कुळांतील ती एक वनस्पति आहे. तिचें मूळ स्थान अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशांत. आपल्या प्रांतांत ती १९५५ च्या सुमारास पुणें येथें शास्त्रज्ञांच्या नजरेस आली. परदेशांतून आणलेल्या धान्याबरोबर तिचें बीं आलें असावें, असें सामान्यतः मानतात. लोक तिला काँग्रेस गवत असेंही म्हणतात. तेथून सडका, रेल्वेचे मार्ग, ओसाड जागा आणि धुरे यांच्या आधारानें ती देशभर पसरली. एका झाडास हजारों बिया येतात व त्या वाऱ्यानें, पाण्यानें आणि गाडीच्या चाकांस लागलेल्या चिखलानें दूर जातात. पुण्यांतील डॉ. लोणकर यांनीं मिचेल व कॅल्नन या परदेशी तज्ज्ञांसह १९७४ मध्यें या वनस्पतीपासून होणाऱ्या त्वचारोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून हा रोग वैद्यकांत चांगलाच परिचयाचा झाला आहे.

या वनस्पतीच्या अंगावर बारीक लव असते व तिच्यांत पार्थेनिन नांवाचें द्रव्य असतें. हेंच रोगाचें मूळ. झाड हातानें उपटलें तर तें हातास लागतेंच. परंतु झाड वाळल्यावर त्याचा भुगा वाऱ्यावर उडतो, आणि ज्या माणसानें त्यास स्पर्शही केला नाहीं त्याच्या उघड्या अंगावर बसतो. म्हणून या रोगाची जागा ठरलेली असते : पापण्या, मानेच्या दोन्ही बाजू, कोपरांच्या व गुडघ्यांच्या खोबणी. घामानें ओल्या झालेल्या घडींत भुगा अडकतो व तेथें खाज सुरू होते. रोग जुना झाला कीं कांहीं रोग्यांच्या त्वचेस सूर्याचा प्रकाशही सोसेनासा होतो. मग शेतांत उभें राहणेंच अशक्य होतें. शेतकऱ्याच्या जन्मास याहून मोठा शाप कोणता?

येथें दोन भ्रम दूर करणें अवश्य आहे. पहिला, हा रोग संसर्गजन्य नाहीं. एकाच्या अंगावरून तो दुसऱ्याच्या अंगावर जात नाहीं. रोग्याबरोबर बसण्यानें, जेवण्यानें, त्याचें पाणी पिण्यानें कांहीं होत नाहीं. खरूज मात्र लागते : ती बोटांच्या बेचक्यांत व कंबरेभोंवतीं होते, रात्रीं फार खाजते, आणि घरांतील एकास झाली कीं इतरांसही होते, तेव्हां तिचें औषध सर्व घरानें एकाच वेळीं घ्यावें लागतें. दुसरा भ्रम महारोगाचा. महारोगाचा चट्टा बहुधा खाजत नाहीं. उलट त्या जागीं स्पर्श व ऊन-थंड कळेनासें होतें. शिवाय महारोग आज औषधानें पूर्ण बरा होतो. ज्या अमरावतीस दाजीसाहेब पटवर्धन यांनीं तपोवन उभारून महारोग्यांच्या सेवेंत जन्म घालविला, त्या जिल्ह्यांत तरी केवळ चट्टा पाहून माणसास पंगतींतून उठविण्याचा प्रकार होऊं नये.

गवताचा नाश करावयाचा तो फुलावर येण्यापूर्वीं आणि जमीन ओली असतांना, म्हणजे तें मुळासकट निघतें. उपटणाऱ्याच्या हातांत रबरी मोजे, अंगांत लांब बाह्यांचा सदरा व तोंडावर फडकें असावें. ज्यास एकदां त्रास झाला त्यास हें काम कधींही सांगूं नये. उपटलेलें गवत फुलापूर्वींचें असल्यास खड्ड्यांत घालून त्याचें खत करितां येतें. वाळलेल्या गवताचे ढीग जाळूं नयेत. त्याचा भुगा व धूर गांवावर येतो. हें गवत खाणारा एक भुंगेरा १९८३ मध्यें मेक्सिकोंतून बंगळूर येथें आणून पुढें सोडण्यांत आला. पावसाळ्यांत तो पानांचा फडशा पाडतो. पांढरट पिवळ्या पाठीवर काळपट रेघा असलेला हा कीटक गवतावर दिसल्यास त्यास मारूं नये. आपल्या ओळखीचा तरोटाही येथें मित्राचें काम करतो. पावसाच्या आरंभीं धुऱ्यावर त्याचें बीं फेंकल्यास तो दाट वाढून गाजरगवतास जागा देत नाहीं. आणि त्याच्या कोंवळ्या पाल्याची भाजी होते ती वेगळीच. जबलपूर येथील तण-संशोधन संस्थेच्या वतीनें दर वर्षीं १६ ते २२ ऑगस्ट हा सप्ताह गाजरगवताविषयींच्या जागृतीसाठीं पाळला जातो. हे दिवस पोळ्याच्या आगेंमागें येतात. ज्या गाडगेबाबांनीं हातांत खराटा घेऊन गांवें झाडलीं, त्यांच्या जिल्ह्यांतील गांवांनीं त्या सप्ताहांत एक दिवस सामुदायिक श्रमानें आपली शीव साफ केली तर बाबांचें नांव घेतल्याचें सार्थक होईल.

कापसाची वेंचणी व सांठवण

कापूस हें वऱ्हाडचें धन. पण तें वेंचणाऱ्या स्त्रियांच्या बोटांकडे पाहावें. फुटलेल्या बोंडाचीं टोकें वाळून कांट्यासारखीं कठीण होतात. दिवसभर हजारों बोंडांत बोटें घालतां घालतां नखांच्या कडा चिरतात, त्यांत धूळ व पानांचा चुरा बसतो, आणि पुष्कळदां पू होतो. मग घरीं जाऊन त्याच हातांनीं तिखट-मीठ, भांडीं व धुणें करावें लागतें, त्यामुळें चीर मिटतच नाहीं. हातमोजे घाला म्हटलें तर त्या घालीत नाहींत. आणि त्याचें कारण हट्ट नव्हे. वेंचणीची मजुरी वजनावर असते; मोज्यानें वेग कमी झाला तर तेवढी मजुरी घटते. जो उपाय मजुराच्या खिशांतून पैसा काढतो तो टिकत नाहीं. म्हणून बोटांचीं टोकें उघडीं राहतील असे सुती मोजे, मनगटापासून कोपरापर्यंत जुन्या लुगड्याच्या शिवलेल्या बाह्या, आणि सायंकाळीं हात धुवून लावावयास खोबरेल तेल, इतकें जरी मालकानें पुरविलें तरी पुष्कळ काम होतें.

सांठवणीचा प्रश्न वेगळा आहे. भाव वाढेल या आशेनें कापूस घरांत भरून ठेवण्याचें प्रमाण कांहीं हंगामांत फार असतें. २०२२-२३ च्या हंगामांत असें पुष्कळ ठिकाणीं झालें. अशा घरांत माणसांच्या अंगावर लाल पुरळ उठून खाज सुटल्याच्या तक्रारी ऐकूं येतात. या खाजेचें एक ठाऊक असलेलें कारण म्हणजे डोळ्यास न दिसणारी एक जातीची कोळीवर्गीय कीड. ती गुलाबी बोंडअळीसारख्या किड्यांच्या अळ्यांवर जगते, व माणूस जवळ आला कीं त्यासही चावते. अमेरिकेंत १९०९ मध्यें गवताच्या गाद्यांवर निजणाऱ्या लोकांत अशीच खाज पसरली होती, डॉ. गोल्डबर्गर व त्यांचे सहकारी यांनीं तेव्हां या किडीवर तिचा दोष सिद्ध केला. ही कीड माणसाच्या अंगावर घर करीत नाहीं. कापूस दूर झाला कीं खाज थांबते. तेव्हां किडका कापूस, म्हणजे कवडी, वेगळी ठेवावी. कापूस निजण्याच्या खोलींत भरूं नये. त्याच्या ढिगावर मुलांस खेळूं अगर निजूं देऊं नये. आणि गंजी भरणाऱ्या-उचलणाऱ्या मजुरांस काम संपतांच स्नान करून कपडे बदलण्याची सोय करून द्यावी. कापसावर घरांत विषारी औषध मारणें हा मात्र उपाय नव्हे, तो दुसरा अपाय आहे.

फवारणी

२०१७ च्या हंगामांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांहून अधिक माणसें दगावलीं व शेंकडों रुग्णालयांत दाखल झालीं, ही गोष्ट कोणी विसरला नसेल. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतूनही बाधेच्या वार्ता आल्या. शासनानें चौकशी पथक नेमलें व कांहीं कीटकनाशकांच्या विक्रीस काहीं काळ बंदी केली. त्या प्रसंगीं विष पोटांत कसें गेलें, अशी चर्चा पुष्कळांनीं केली. परंतु फवारणी करणाऱ्याच्या शरीरांत विष जातें तें बहुतांशीं तोंडावाटे नव्हे, तर कातडीवाटे. डोक्याइतकी उंच वाढलेली कपाशी, दमट व निवांत हवा, बारीक तुषार उडविणारा यांत्रिक पंप, अंगांत घामानें भिजलेला एक सदरा, पाय अनवाणी. अशा स्थितींत कातडी विष शोषून घेणार नाहीं तर काय करील?

शरीराच्या सर्व भागांची कातडी सारखी नसते. अमेरिकन तज्ज्ञ मायबाख व त्यांचे सहकारी यांनीं १९७१ मध्यें पॅराथिऑन या कीटकनाशकावर केलेल्या प्रयोगांत असें दिसलें, कीं हाताच्या पुढच्या भागापेक्षां कपाळाची कातडी सुमारें चौपट व वृषणाची कातडी जवळ जवळ बारा पट विष शोषते. पाठीवरचा पंप गळूं लागला, आणि औषध कंबरेवरून धोतरांत अगर चड्डींत झिरपलें, तर त्याचा अर्थ काय हें यावरून समजावें. गळक्या पंपानें फवारणी करण्यास सांगणें म्हणजे माणसाच्या अंगास विषाचा लेप देण्यासारखें आहे.

विषबाधा न होतांही त्वचेचे विकार होतात. पायरेथ्रॉइड जातीच्या औषधांनीं चेहऱ्यास मुंग्या येऊन तासन् तास आग होते, आणि कातडीवर खूण कांहींच दिसत नाहीं. मजूर ढोंग करतो असें मालकास वाटतें. मॅन्कोझेब, थायरम यांसारख्या बुरशीनाशकांनीं ॲलर्जी होते. पॅराक्वाट या तणनाशकानें कातडी भाजते व नखें विद्रूप होतात. मोर्शी-वरूडकडील संत्र्याच्या बागांत खोडांस बोर्डो मलम लावण्याची वहिवाट आहे. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना व दहा लिटर पाणी हें त्याचें प्रमाण सर्वांस ठाऊक आहे. पण चुना विरतांना पाणी उकळून अंगावर उडतें, आणि तयार मलम उघड्या हातानें फांसलें तर तळहात सोलून निघतात. त्यासाठीं कुंचला वापरावा.

डब्यावरील त्रिकोणाचे रंग प्रत्येक शेतकऱ्यास व मजुरास तोंडपाठ असावेत : तांबडा म्हणजे अति तीव्र विष, पिवळा त्याच्या खालचा, निळा मध्यम व हिरवा सर्वांत सौम्य. १९६८ चा कीटकनाशक कायदा व १९७१ चे त्याचे नियम यांत फवारणाऱ्या माणसाची वैद्यकीय तपासणी, संरक्षक कपडे व प्रथमोपचार यांविषयीं स्पष्ट तरतुदी केल्या गेल्या. नियम कागदावर आहेत म्हणून माणूस वांचत नाहीं. तो वांचतो तो शेताच्या मालकानें ते पाळल्यानें.

कांहीं लहान कारणें

बिब्ब्याचा चटका आपल्या ओळखीचा आहे. आंबा व काजू यांच्या कुळांतील या झाडाच्या फळाच्या सालींत काळें, दाहक तेल असतें. बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या स्त्रियांचीं बोटें त्यानें काळीं पडतात व फोड येतात. परीट याच तेलानें कपड्यांवर खुणा करीत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हिंदुस्थानांत आलेल्या अमेरिकन शिपायांच्या मानेवर नेमक्या त्या खुणेच्या जागीं फोड येऊं लागले, आणि १९४३ मध्यें त्यांच्या डॉक्टरांनीं या रोगाचें वर्णन ‘धोब्याच्या खुणेचा त्वचारोग’ या नांवानें केलें. पायांस पडलेल्या भेगांवर अगर कांटा रुतलेल्या जागीं बिब्बा घालण्याची आपली जुनी खोड यासाठींच सोडली पाहिजे. भेग बरी न होतां कित्येकदां पाय उतून येतो.

ज्वारीच्या मळणीची कूस व सोयाबीनच्या मळणीयंत्राचा भुसा यांनीं होणारी खाज स्नान केलें कीं बहुधा जाते. पावसाळ्यांत चिखलांत उभें राहून पायांच्या बोटांत होणाऱ्या चिखल्या व जांघेंतील नायटा हे बुरशीचे रोग आहेत. पाय कोरडे ठेवणें हें त्यांचें अर्धें औषध. पूर्णाकांठच्या खारपाण पट्ट्यांतील वाचकांस आणखी एक अडचण आहे. तेथील विहिरींचें पाणी खारें, त्यांत साबणास फेंस येत नाहीं, आणि अंगावरील औषध नीट निघत नाहीं. तेथें फवारणीच्या दिवशीं गोड पाण्याचा एक पिंप शेतांत नेणें हा औषधाइतकाच जरूर खर्च समजावा.

मालकानें काय करावें

पुढील गोष्टी सर्वांस साध्य आहेत. फवारणीस नायट्राइल अगर रबराचे हातमोजे, लांब बाह्यांचा सदरा, पायजमा, बूट, डोळ्यांस चष्मा व तोंडास मुखपट्टी द्यावी; सुती मोजे औषध शोषून तें हातावर धरून ठेवतात, म्हणून ते फवारणीस वापरूं नयेत. मोजे काढण्यापूर्वीं बाहेरून धुवावेत. औषध काठीनें ढवळावें, हातानें नव्हे. नळीचें तोंड बुजल्यास तोंडानें फुंकूं नये. पंपाची गळती आदल्या दिवशीं पाहावी. वाऱ्याकडे पाठ करून, सकाळच्या थंड वेळीं फवारावें, भर उन्हांत नव्हे. मध्येंच खर्रा चोळण्यास अगर विडी ओढण्यास बसूं देऊं नये. हात साबणानें धुतल्याशिवाय भाकरीस स्पर्श करूं देऊं नये. अंगावर औषध सांडल्यास कपडे तत्काळ काढून पंधरा मिनिटें वाहत्या पाण्यानें धुवावें. फार घाम, लाळ, मळमळ, डोळ्यांस अंधारी अशीं चिन्हें दिसतांच औषधाच्या डब्यासह माणसास रुग्णालयांत न्यावें. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळूं नयेत, आणि ते धुणाऱ्या स्त्रीनेंही मोजे घालावेत. एका एकरास एका वेळीं लागणाऱ्या औषधाच्या किमतीपेक्षां मोज्यांच्या जोडाची किंमत अधिक नसते. तेव्हां परवडत नाहीं ही सबब खरी नव्हे.

मलमांविषयीं सावधगिरी

खाज सुटली कीं दुकानांतून एखादें मलम आणून लावण्याची पद्धति फार पसरली आहे. अशा पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असतें. तें खाज तात्पुरती दाबतें. पण नायट्यावर लावल्यास बुरशी फोफावते, कातडी पातळ होते, आणि मलम सोडतांच रोग दुपटीनें उसळतो. आमच्या सालदाराचें असेंच झालें. म्हणूनच २०१८ मध्यें केंद्र शासनानें कित्येक स्टेरॉइड मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत असा नियम केला. योग्य ठिकाणीं, योग्य मुदतीपुरतें तेंच मलम उपयोगी आहे. पण तें ठिकाण व ती मुदत डॉक्टरनें ठरवावी, दुकानदारानें नव्हे. आणि डॉक्टरकडे जातांना आपण कोणतें काम करतों, कोणतें औषध फवारतों, सुटीच्या दिवसांत खाज कमी होते काय, हें आपण होऊन सांगावें. कामापासून दूर असतां बरें वाटतें आणि कामावर येतांच पुन्हां उठतें, ही कामजन्य रोगाची सर्वांत साधी ओळख आहे.

रोग कामानें झाला असें ठरल्यास त्या माणसास काढून टाकणें हा उपाय नव्हे. त्याचें काम बदलणें हा उपाय आहे. धुऱ्याचें काम ज्यास सोसत नाहीं त्यास गुरांचें, पाण्याचें अगर गाडीचें काम देतां येतें. आमच्याकडील तो मनुष्य पुढें परत आला. आतां तो बैल सांभाळतो. धुऱ्यावर मी त्यास पाठवीत नाहीं, आणि तें गवत आम्ही पावसाच्या पहिल्या पंधरवड्यांतच काढवितों. त्याची मान पूर्वीपेक्षां बरी आहे, पण उन्हांत अजून त्यास त्रास होतो. दोन वर्षांपूर्वींच मीं त्याचें ऐकलें असतें तर तोही झाला नसता.

यंदा पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलांचे खांदे शेकावयास बसलों म्हणजे, ज्यांनीं ते बैल वर्षभर हांकले त्यांचे हातही एकदां उलटसुलट करून पाहावे, आणि कोठें चीर, फोड अगर चट्टा दिसल्यास तो कोणत्या कामाचा, असें आपणच त्यांस विचारावें, एवढीच वाचकांस विनंति आहे.